वाळूला आलेला भाव

उसाला वाळू मानवत नाही. जमैका बेटाची अर्धी हकीगत ह्या एका गोष्टीत येते. इंग्रजांनी १६५५ मध्ये स्पॅनिश लोकांच्या हातून हे बेट हिसकावून घेतले, आणि तेव्हापासून पुढची पावणेदोनशे वर्षे तेथे ज्याला त्याला हवी होती ती ओलाव्याची, कसदार, उसाजोगी जमीन. मळेवाल्यांनी सपाट खोरी घेतली, टेकड्यांच्या माथ्यावर वारा खाण्यासाठी दगडी वाडे बांधले, आणि खाली समुद्राकडे जी पांढरी पुळण पसरली होती तिच्याकडे चक्क पाठ केली. साखरेची आणि रमची पिंपे होड्यांत चढवायला लागेल तेवढी जागा धक्क्यासाठी घ्यायची, उरलेली कोळ्यांनी जाळी वाळत घालावी. तिच्यावरून कधी भाऊबंदकी झाली नाही.

आज त्याच पुळणीवरच्या एका खोलीचे एका रात्रीचे भाडे आपल्याकडच्या एखाद्या कारकुनाचा महिन्याचा पगार गिळून टाकते. पाहुण्याने सकाळी पडदा सारावा, दोन पायऱ्या उतराव्यात, तो पाय थेट वाळूत. नारळाच्या झावळीखाली खुर्ची मांडलेली, हातात थंडगार पेला आणून देणारा नोकर उभा, आणि दुपारी अंगाला तेल चोळून घेण्याची वेळ आधीच ठरलेली. कोकणातल्या माणसाला ह्यात नवल वाटणार नाही, कारण माड, वाळू आणि खारा वारा त्याच्या परसातच आहे. नवल आहे ते भावाचे. ज्या वाळूला कोणी विचारीत नव्हते तिला हा भाव कसा आला, आणि तो आल्यावर तिच्यावर पिढ्यान् पिढ्या वावरणाऱ्या माणसाचे काय झाले, ही ह्या लेखाची हकीगत.

मराठी वाचकाला जमैका परके नाही. १९५३ मध्ये विजय हजारे ह्यांच्या नेतृत्वाखाली आपला क्रिकेट संघ पहिल्यांदा वेस्ट इंडीजमध्ये गेला, तेव्हापासून किंग्स्टनचे सबाइना पार्क हे नाव आपल्याकडे घरोघर झाले. १९७१ मध्ये त्याच मैदानावर मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या, त्या वेळी रेडिओपाशी बसून आकडे टिपणारी माणसे आजही भेटतात. त्या किंग्स्टन शहरात बंदराच्या काठी मर्टल बँक नावाचे एक हॉटेल होते. त्याच्या पोहण्याच्या तलावाशी आपल्याला पुढे थोडे थांबायचे आहे. आधी एका झऱ्यापाशी जाऊ.

जमैकाच्या पूर्व टोकाला सेंट टॉमस परगण्यात डोंगराच्या कपारीतून ऊन पाण्याचा झरा येतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस एका मळ्यावरून पळालेला गुलाम त्या रानात दडून राहिला होता. त्याच्या पायाला भरून न येणारी जखम होती. झऱ्याच्या पाण्यात पाय बुडवून बसता बसता ती भरून आली. तेव्हा तो होऊन आपल्या धन्याकडे परत गेला आणि त्याने पाण्याचा गुण सांगितला, अशी तेथली कथा आहे. परत का गेला? कथा सांगणारे ह्या प्रश्नावर थांबत नाहीत. मला मात्र सगळ्या कथेत तोच प्रश्न मोठा वाटतो, कारण पळालेल्या गुलामाला परत आल्यावर काय भोगावे लागे हे मळ्यावरच्या पोरासोरांनाही ठाऊक होते. ते असो. १६९९ मध्ये झरा सरकारने विकत घेतला, भोवती ‘बाथ’ नावाचे गाव वसले, स्नानगृह झाले आणि संधिवाताने आखडलेले मळेवाले पाण्यात बसू लागले. आज ज्याला ‘स्पा’ म्हणतात त्याचे ह्या बेटावरचे मूळ हे असे आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल, उटणे आणि ऊन पाणी एवढ्यावर आपण जे सुख घरच्या मोरीत फुकट मिळवतो, त्याचा तेथे तासावर हिशोब होतो. तेथल्या पाण्याची पहिली पारख मात्र एका पळून आलेल्या माणसाने केली होती.

पण झऱ्याचे पाणी निराळे आणि समुद्रकाठी मजेसाठी जाऊन राहणे निराळे. त्या काळच्या युरोपियनाला वेस्ट इंडीज म्हणजे मरण वाटे, आणि ते खोटेही नव्हते. पिवळा ताप आला की चार दिवसांत काळी ओकारी होई आणि माणूस जाई. पलटणीच्या पलटणी लढाई न करता गारद होत. दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने हा रोग होतो अशी समजूत असल्यामुळे, बरी माणसे किनाऱ्यापासून जितके दूर आणि उंच राहता येईल तितके राहत. १८८१ मध्ये हवाना येथील डॉक्टर कार्लोस फिनले ह्यांनी हा रोग डास पसरवतो असे मांडले, तेव्हा लोक हसले. १९०० मध्ये वॉल्टर रीड ह्या अमेरिकन डॉक्टरच्या मंडळाने प्रयोगांनी ते सिद्ध केले. ज्या बेटांवर माणसे मरायला जात तेथे ती प्रकृती सुधारायला जाऊ लागली ती ह्यानंतर. इतकी मोठी उलथापालथ एका डासाच्या शोधाने व्हावी ह्याची गंमत वाटते. बादशहा आणि सेनापती ह्यांच्या चरित्रांत गुंतलेल्या आपल्या इतिहासकारांनी डासाचे चरित्र अजून म्हणावे तसे लिहिलेले नाही.

प्रवासी आले ते मात्र केळ्यांच्या जहाजांतून. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये खरोखर संपली. तीन लाखांहून अधिक माणसे मोकळी झाली. नुकसानभरपाई मिळाली ती त्यांच्या धन्यांना. मळ्यांना हात कमी पडू लागले, म्हणून १८४५ पासून हिंदुस्थानातून मुदतबंद मजूर नेण्यात आले. १९१७ पर्यंत अशी सुमारे छत्तीस हजार माणसे जमैकाला गेली, त्यांत बहुतेक गंगेच्या खोऱ्यातली. तरी साखरेचे दिवस फिरले ते फिरलेच. १८७० मध्ये लॉरेन्झो डाऊ बेकर नावाचा एक अमेरिकन तांडेल आपल्या शिडाच्या जहाजातून केळ्यांचे १६० लोंगर घेऊन निघाला आणि ते सडण्यापूर्वी जर्सी सिटीला पोहोचवून त्याने चांगला नफा केला. ह्या एका खेपेतून पुढे बोस्टन फ्रूट कंपनी आणि १८९९ मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली.

कंपनीची जहाजे उत्तरेला जाताना केळ्यांनी भरलेली असत, येताना मात्र रिकामी. रिकामे जहाज हाकणे कोणत्याही व्यापाऱ्याच्या जिवावर येते. बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्याला कंटाळलेली पैसेवाली माणसे होतीच, त्यांना केबिनी दिल्या. उन्हाने आतली केळी तापू नयेत म्हणून जहाजे पांढरी रंगवलेली होती, तोच रंग प्रवाशांना थाटाचा वाटला. माणसे आणली तर त्यांना ठेवायला जागा हवी, म्हणून बेकरने पोर्ट अँटोनियोच्या बंदरावर टिचफील्ड हॉटेल बांधले. म्हणजे केळी उतरवावीत तशी माणसे उतरवली, आणि दोन्हींचा नफा एकाच वहीत मांडला.

सरकारलाही हुरूप आला. १८९१ मध्ये किंग्स्टनला मोठे प्रदर्शन भरायचे होते, म्हणून १८९० मध्ये खास कायदा करून हॉटेले बांधणाऱ्यांना व्याजाची हमी दिली. हॉटेले झाली, प्रदर्शन झाले, पुढे ज्याचा त्यालाही ठाऊक असलेला राजपुत्र जॉर्ज उद्घाटनाला येऊन गेला, आणि त्यानंतर बहुतेक हॉटेलांत माशा मारण्याची पाळी आली. हमी दिली म्हणजे पाहुणे येतात असे नाही, हे सरकारांना पुन्हा पुन्हा शिकावे लागते.

इतके होऊनही समुद्रात डुंबणे ही गोष्ट अजून मागेच होती. हॉटेले असत ती बंदराजवळ किंवा डोंगरात. पुळणीचे भाग्य उघडले ते बेटाच्या वायव्येला माँटेगो बे येथे. तेथे डॉक्टर मॅकॅटी ह्यांच्या मालकीची एक लहानशी पुळण होती. गुहेतून वाट काढून तिच्यावर उतरावे लागे, म्हणून तिला ‘डॉक्टरची गुहा’ म्हणत. १९०६ मध्ये त्यांनी ती एका स्नानमंडळाला देऊन टाकली. पुढे विसाच्या दशकात सर हर्बर्ट बार्कर हे हाडे बसवण्याबद्दल प्रसिद्ध असलेले इंग्रज गृहस्थ तेथे पोहून गेले आणि त्या पाण्यात रोग बरे करण्याचा गुण आहे असे त्यांनी मायदेशी जाऊन लिहिले. मग काय विचारता! इंग्लंड-अमेरिकेतले श्रीमंत रीघ लावून येऊ लागले, आणि मुळात औषध म्हणून सुरू झालेले स्नान पाहता पाहता चैन झाले. १९३२ च्या वादळात गुहा नाहीशी झाली, पण नाव राहिले.

आता मर्टल बँकेचा तलाव. हे हॉटेल १४ जानेवारी १९०७ च्या भूकंपात किंग्स्टन शहराबरोबर कोसळले होते आणि पुन्हा अधिक दिमाखाने उभे राहिले होते. हिरवळ, वाद्यवृंद, समुद्राच्या पाण्याचा तलाव, सारे काही होते. अमेरिकेच्या दक्षिणेत त्या वेळी असत तशा ‘फक्त गोऱ्यांसाठी’ म्हणणाऱ्या पाट्या जमैकात कोठे नव्हत्या, तसा कायदाही नव्हता. पण बेटावर शंभरांत नव्वदांहून अधिक माणसे काळ्या वा मिश्र वर्णाची असताना त्यांतला कोणी त्या तलावात उतरत नसे. उतरू नये असे कोणी सांगत नसे, आणि तरी ते सर्वांना माहीत असे. आपल्याकडच्या विहिरी आणि पाणवठे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ह्या ‘माहीत असण्या’चा अर्थ फोड करून सांगायला नको.

१९४८ मध्ये एके दिवशी इव्हॉन ब्लेक नावाचा वर्णाने काळा पत्रकार त्या हॉटेलात गेला. ‘स्पॉटलाइट’ नावाचे नियतकालिक तो चालवीत असे. त्याने कपडे उतरवले आणि सरळ तलावात उडी घेतली. पाण्यातले गोरे पाहुणे घाईघाईने काठावर चढले. नोकरमंडळी धावली. ती बहुतेक त्याच्याच रंगाची, त्यामुळे त्यांची अवस्था अधिकच चमत्कारिक झाली असणार. बाहेर ये म्हटले तरी तो येईना. कोणाला बोलवायचे त्याला बोलवा, म्हणाला, आणि पोहत राहिला. त्याला पकडायचे तर कोणत्या कलमाखाली? नियम लिहिलेलाच नव्हता. जो नियम लिहिलेला नसतो तो पाळणाऱ्यांच्या मुकाट्यावर उभा असतो, आणि ब्लेकने त्या दिवशी तो मुकाटा मोडला. पुढे रस्त्यावर दंगल झाली नाही की सरकार उलथले नाही. एक माणूस भर उन्हात थोडा वेळ पोहला एवढेच. पण बेटाच्या आठवणीत तो वेळ टिकून आहे, आणि मर्टल बँकेची इमारत नाहीशी होऊन आता अर्धशतक लोटले.

ब्लेकने उडी घेतली तेव्हा उत्तर किनाऱ्यावर नवे युग सुरू होत होते. माँटेगो बे येथे १९४७ मध्ये विमानतळ झाला. १९४९ मध्ये अब ईसा ह्या किंग्स्टनच्या व्यापाऱ्याने ओचो रिओसजवळ टॉवर आयल हे हॉटेल अगदी पुळणीला लागून बांधले. १९५३ मध्ये जॉन प्रिंगल ह्या तरुणाने हॅनोव्हर परगण्यात राउंड हिल काढले. त्याची युक्ती नामी होती. एकेक बंगला एकेका नामांकित श्रीमंताला विकायचा, मालक नसेल तेव्हा तो पाहुण्यांना भाड्याने द्यायचा. नाटककार नोएल कॉवर्डसारख्यांना आधी गळाला लावले, मग त्यांना पाहायला इतर आपसूक आले. कॉवर्डचा शेजधर्म पाळणारा दुसरा इंग्रज इयन फ्लेमिंग. त्याने १९४६ मध्ये ओराकाबेसा येथे गाढवांच्या शर्यतीचे जुने मैदान विकत घेऊन घर बांधले, खिडक्यांना काचासुद्धा घातल्या नाहीत. कॉवर्ड त्या घराला दवाखाना म्हणून चिडवी. तेथे बसून फ्लेमिंगने जेम्स बाँडच्या कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांतल्या पहिल्या चित्रपटाचे १९६२ मध्ये ह्याच किनाऱ्यावर चित्रण झाले. त्याच वर्षी ६ ऑगस्टला जमैका स्वतंत्र झाले. फ्लेमिंगचे घर आज स्वतःच एक महागडे विश्रामस्थान आहे. क्युबात १९५९ मध्ये क्रांती झाल्यावर हवानाची वाट अमेरिकनांना बंद झाली, जेट विमाने आली, आणि गर्दीला सीमा राहिली नाही.

ह्या भागातून मोटारीने जाणाऱ्याला एक गोष्ट खटकते. हॉटेलांची नावे जुन्या मळ्यांचीच आहेत. ट्रायॉल येथे गोल्फच्या हिरवळीलगत साखरेच्या घाण्याचे प्रचंड पाणचक्र जपून ठेवले आहे, पाहुणे त्याच्यासमोर छायाचित्रे काढतात. १८३१ च्या नाताळात गुलामांनी ह्या परिसरात उठाव केला, तेव्हा मळ्यांमागून मळे पेटले. ट्रायॉलही जळाले. उठावाचा नेता सॅम्युएल शार्प हा प्रार्थनामंदिरात उपदेश करणारा गुलाम होता. नाताळानंतर मजुरी मिळाल्याशिवाय ऊस तोडायचा नाही, एवढीच त्याची मूळ योजना. पुढे तीनशेच्या वर माणसांना देहदंड झाला आणि २३ मे १८३२ रोजी शार्पला माँटेगो बेच्या बाजारचौकात फाशी दिले. आज त्या चौकाला त्याचे नाव आहे. जवळच रोझ हॉलचा वाडा आहे, तेथे मात्र प्रवाशांना एका ‘गोऱ्या चेटकिणी’ची गोष्ट सांगतात. नवऱ्यांना मारणारी ही मालकीण बरीचशी १९२९ च्या एका कादंबरीने अजरामर केलेली आहे. खऱ्या फासापेक्षा खोटी चेटकीण सुट्टीवर आलेल्या माणसाला अधिक मानवते, ह्यात सांगणाऱ्याचा दोष किती आणि ऐकणाऱ्याचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पुळणीला भाव आला तशी तिच्या मालकीची चौकशी सुरू झाली. १९५६ च्या किनारा नियंत्रण कायद्याने भरती-ओहोटीमधली जमीन सरकारची ठरली, आणि तिच्यावर हॉटेले चालवायची तर परवाना घ्यावा असे झाले. पण जमैकाच्या सामान्य माणसाला कोणत्याही पुळणीवर जाऊन अंघोळ करण्याचा सरसकट हक्क त्या कायद्याने दिला नाही. पुढे सत्तरीत राजकीय मारामाऱ्या वाढल्या. १९८० च्या निवडणुकीच्या वर्षी शेकडो माणसे मेली. घाबरलेल्या पाहुण्याला आणायचे कसे? ईसांच्या टॉवर आयलचे १९७८ मध्ये केवळ जोडप्यांसाठी असलेल्या हॉटेलात रूपांतर झाले. खोली, जेवण, मद्य, करमणूक, सारे पैसे आधीच भरायचे, आत आल्यावर पाकिटाला हात लावायचा नाही. १९८१ मध्ये गॉर्डन ‘बुच’ स्ट्यूअर्ट ह्या माणसाने माँटेगो बे येथले एक मोडकळीला आलेले हॉटेल घेऊन ‘सँडल्स’ काढले आणि हीच पद्धत सर्व बेटांवर नेली. मुळात तो हवा थंड करणारी यंत्रे विकणारा, म्हणजे उकाडा हेच त्याचे भांडवल!

पाहुण्याच्या बाजूने पाहिले तर सोय खरी आहे. विमानतळावरून गाडी नेते, मनगटावर पट्टी बांधतात, आणि मग आठवडाभर त्या कुंपणाबाहेर पाऊल टाकण्याचे कारण पडत नाही. कारण पडत नाही हीच बाहेरच्यांची तक्रार. कोपऱ्यावर मासे तळणारी बाई, टॅक्सीवाला, लाकडाच्या मूर्ती कोरणारा, ह्यांच्यापर्यंत तो पाहुणा पोहोचतच नाही. हजारो घरांची चूल हॉटेलांतल्या पगारावर पेटते हेही तितकेच खरे, आणि म्हणून तेथला माणूस हॉटेलांना सरळ शिव्याही देऊ शकत नाही. २०२३ मध्ये जमैकाला चाळीस लाखांवर पाहुणे येऊन गेले, बेटाच्या लोकसंख्येहून किती तरी अधिक. तिथल्या मोलकरणीच्या मुलाला मात्र आई ज्या पुळणीवर चादरी बदलायला जाते तेथे पोहायला जायचे तर दुसरीकडून वाट शोधावी लागते. अशा वाटांसाठी अलीकडे तेथील लोक न्यायालयात गेले आहेत.

शेजारच्या बार्बाडोसची तऱ्हा वेगळी. तेथे सगळ्या पुळणी सार्वजनिक आहेत. १९८२ मध्ये तेथल्या पर्यटन मंडळाच्या अध्यक्षांनी हॉटेलांना पाण्यापर्यंत हक्क द्यावा असा सूर लावला, तेव्हा मायटी गॅबी ह्या शाहिराने त्यांच्याच नावाने ‘जॅक’ हे गाणे रचले. बेटभर ते गाणे इतके गाजले की पुन्हा तो विषय काढणे अवघड होऊन बसले. आपल्या शाहिरांचा डफ ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे पटेल.

जमैकात मात्र २००८ च्या जुलैत एक विलक्षण चोरी झाली. ट्रेलॉनी परगण्यात कोरल स्प्रिंग येथे नवे हॉटेल व्हायचे होते, त्यासाठी राखलेली सुमारे चारशे मीटर लांबीची पुळण नाहीशी झाली. वाळू, सगळी वाळू, अंदाजे पाचशे मालमोटारी भरून कोणी तरी उचलून नेली. पंतप्रधान ब्रूस गोल्डिंग ह्यांनी चौकशीचे हुकूम सोडले. पोलिसांनी किनाऱ्यावरच्या इतर पुळणींतून वाळूचे नमुने गोळा केले आणि चोरलेल्या वाळूशी ते ताडून पाहिले. काही जणांवर खटला भरला, तो २०११ मध्ये बारगळला. ती वाळू कोणाच्या पाहुण्यांच्या पायांखाली पसरली आहे, ते न्यायालयात सिद्ध झाले नाही.